हिरडी रुळावर येईना

चणे आहेत तर दात नाहीत, दात आहेत तर चणे नाहीत. ही म्हण ज्यानं केली त्यानं छत्तीसगढची ठेठरी खाल्लेली नसावी. चणे आणि दात दोन्ही असलेल्या माणसाकडून ही बेसनाची तळलेली कांडी एक वस्तू काढून घेते. आमच्या विदर्भातला पोळा इथे भिलाईजवळच्या उतईत पोरा होतो आणि पोऱ्याला घरोघरी ठेठरी-खुरमी तळतात. गेल्या पोऱ्याला शेजारच्या काकींनी ताट भरून धाडलं. ठेठरी काही मोडली नाही. माझी खालची उजवी दाढ मोडली आणि तिच्या शेजारणीला तडा गेला.

रूट कॅनॉल झालं, दोन कॅप बसल्या. "सवय होईल," डॉक्टर म्हणाले. कॅपची सवय हिरडीला काही झाली नाही, दुखऱ्या हिरडीची मला झाली. ब्रश लागला की रक्त, पेरूची बी अडकली की रात्रभर ठणका. जिभेला तर या वयात नोकरी लागली. दिवसभर ती कॅपच्या काठाची पाहणी करून येई आणि दर वेळी तोच अहवाल देई : इथे काहीतरी आहे.

हे पाहणीचं खूळ तिला माझ्याकडूनच लागलेलं. १९५९ च्या ४ फेब्रुवारीला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली, त्या सुमाराला वडील नागपूरहून इथे आले. मी पुढे त्याच कारखान्यात रूळ तपासत निवृत्त झालो. रुळाच्या टोकाला स्ट्रेट एज लावायची, फटीत फीलर गेज सरकवून पाहायचा, बेतापेक्षा जाड पातं आत गेलं की रूळ बाजूला. मिलिमीटरच्या दशांशासाठी १३ मीटरचा रूळ अडवणारा मी. आणि माझ्याच तोंडात कुणीतरी न तपासलेला माल पास केला होता.

दरम्यान सल्ले सुरू झाले. बायको मिठाच्या गुळण्यांवर ठाम. नागपूरचा मेहुणा फोनवर म्हणाला, "भाऊजी, लवंगेचं तेल काहून नाही लावून राहिले?" लावलं. हिरडी बधिर झाली आणि जीभही, तेवढ्यापुरती पाहणी थांबली. काकींचा उपाय मात्र खास इथला. कुंपणावरून गुडाखूची डबी पुढे करत म्हणाल्या, "घिस ले भइया, बने हो जाही." गुडाखू म्हणजे तंबाखू, गुळाची मळी, चुना आणि लाल माती यांचा काळा लगदा. सकाळी बोटावर घेऊन इथल्या कितीतरी बायका हिरडीला चोळतात. जी हिरडी कॅपला कंटाळली, तिच्यावर तंबाखू चोळण्याचं धाडस मला झालं नाही. डबी मात्र ठेवून घेतली. काकींना नाही म्हणणं कठीण.

शेवटी दुर्गला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी एक्स-रे काढला, एक बारीक सळई काठावरून फिरवली आणि म्हणाल्या, "काका, इथे सिमेंट राहिलंय. आणि दुसऱ्या कॅपचा काठ फार खोल गेलाय." हिरडीच्या खाचेचा तळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे दोन मिलिमीटरची पट्टी शरीर स्वतःसाठी राखून ठेवतं, कॅपचा काठ तिथे घुसला की हिरडी सुजलेलीच राहते, कितीही घासा. मी खुर्चीत उठूनच बसलो. म्हणजे टॉलरन्स! एवढे दिवस ज्याला मी दुखणं म्हणत होतो, ते साधं रिजेक्शन होतं. जिभेचा अहवाल अक्षरशः बरोबर निघाला. "निकेलची अ‍ॅलर्जीही असते काहींना," बाई म्हणाल्या. जन्मभर पोलादाशी संसार केलेल्या माणसावर हा संशय मला अपमानास्पद वाटला, पण तोंडात आरसा होता. सुदैवानं तो संशय खोटा ठरला.

त्यांनी सिमेंट खरवडलं; राईच्या दाण्याएवढा कपचा ट्रेमध्ये टिंग करून पडला. त्या कपच्यासाठी मी सहा महिने पेरू सोडले होते! दुसरी कॅप कापून नवी बसवली, झिर्कोनियाची, काठ वर घेऊन. दातांमधून फिरवायचा बारीक ब्रशही दिला. पंधरवड्यात रक्त थांबलं. जीभ बेकार झाली.

परवा पुन्हा पोरा आला. काकी ताट घेऊन दारात. माझं तोंड निरखून म्हणाल्या, "गुडाखू घिसे न?"

डबी अजून फडताळात आहे, झाकणही न उघडलेली. मी एक ठेठरी उचलली, चहात बुडवली आणि मान डोलावली.