गोदाकाठचा भूमध्य समुद्र

त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर उगम पावणाऱ्या गोदावरीने, अरबी समुद्र अवघ्या ८० किलोमीटरांवर असता त्याच्याकडे पाठ फिरवून, तब्बल १४६५ किलोमीटरांची पायपीट करीत बंगालचा उपसागर का गाठावा, याचा उलगडा भूगोलवेत्ते सह्याद्रीच्या उतारावरून करतात. परंतु आता या यातायातीचे काहीच प्रयोजन उरले नसून समुद्र खुद्द गंगापूर रोडवर येऊन राहिला आहे, हे त्या बिचारीस कळविण्याची तसदी अद्याप कोणी घेतलेली दिसत नाही. आनंदवल्ली मागे टाकून आणि सोमेश्वरास गाडीतूनच नमस्कार करून धरणाच्या दिशेने निघालेल्या रसिकास ‘समुद्रकिनारी अस्सल इटालियन भोजन’ अशी ग्वाही देणारे एक उपाहारगृह लागते. अंगणात वाळू अंथरलेली आहे, भिंतींवर शंखशिंपले चिकटविलेले आहेत, आणि नाशिककरांना पिण्याचे पाणी पुरविणाऱ्या गंगापूर धरणावरून येणारा वारा खारा नसल्याची जी उणीव राहते, ती भोजनोत्तर येणारे बिल भरून काढते.

पदार्थांची यादी एखाद्या संस्थानी सनदेसारखी जाड कागदावर छापलेली असून तिच्यातील पहिलेच कलम भाजलेल्या पावावर चिरून ठेवलेल्या टोमॅटोचे आहे. हा टोमॅटो पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत जाळीच्या भावाने लिलावात निघतो, तेव्हा त्याच्या कुळाची चौकशी कोणी करीत नाही. इटालियन नाव धारण करताच मात्र त्याची एक फोड शेतकऱ्याच्या अख्ख्या जाळीशी बरोबरी करू पाहते. मुळात हे फळ अमेरिका खंडातले. सोळाव्या शतकात ते इटलीतही परकेच होते, आणि तेथील लोकांनी ते पोटात घालण्यापूर्वी दीर्घकाळ त्याच्याकडे संशयानेच पाहिले. यादीच्या मध्यभागी ‘अस्सल बोलोनीज’ विराजमान आहे, व त्याच्याच खाली बारीक अक्षरांत ‘जैन पद्धतीनेही मिळेल’ अशी पुरवणी आहे. ज्या जिल्ह्यात लासलगाव आहे, तेथे मांस आणि कांदा या दोहोंना एकाच वेळी रजा देऊनही अस्सलपणा शाबूत राखणे, ही पाककला नसून निखालस वकिली आहे.

या वकिलीची खरी गंमत बोलोनीजच्या माहेरी, म्हणजे इटलीतील बोलोन्यास, गेल्याशिवाय कळावयाची नाही. त्या नगरीने १९७२ साली आपल्या वाणिज्य मंडळाच्या दफ्तरी तालियातेल्ले नामक शेवयांची रुंदी रीतसर नोंदविली : शिजल्यावर ८ मिलिमीटर, म्हणजेच गावातील आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा हिस्सा, आणि तंटा उद्भवू नये म्हणून त्या मापाची सोन्याची पट्टी काचेच्या पेटीत जपून ठेवली. दहा वर्षांनी, १९८२ मध्ये, त्या शेवयांवर घालावयाच्या मांसरसाचा पाठही त्याच दफ्तरात दाखल झाला. त्यात मांसाबरोबर कांदा आहे, गाजर आहे, दूधही आहे. जैन पुरवणी मात्र नाही. हा सारा खटाटोप हास्यास्पद वाटेल खरा; पण त्यामागे एक साधा विचार आहे, तो असा की आपल्या पंचक्रोशीत जे पिकते आणि आपल्या चुलीवर जे पिढ्यान्‌पिढ्या शिजते, त्याचा अभिमान बाळगावयाचा, आणि तो दुसऱ्याच्या समुद्राची उसनवारी न करता बाळगावयाचा.

या कसोटीवर पाहू गेल्यास गंगापूर रोडवर अस्सल इटालियन वृत्तीचा एकच पदार्थ सापडतो, आणि तो म्हणजे मिसळ : मटकी आपली, तर्री आपली, आणि ती किती जहाल असावी याविषयी बोलोन्यालाही लाजविणारा मतभेद सर्वस्वी आपला. तेव्हा महानगरपालिकेने तर्रीच्या प्रमाणाची नोंद करणारे एक दफ्तर आधी उघडावे, व सोन्याची पट्टी परवडत नसल्यास पितळेचा डाव पेटीत ठेवावा. आणि वाचकहो, आपण त्या वाळूत बसून जेवावयास खुशाल जावे. मात्र मागणी नोंदविण्यापूर्वी टोमॅटो कोणत्या गावचा, एवढे अवश्य विचारावे, आणि उत्तर ‘इटलीचा’ असे आल्यास पाणी पिऊन उठावे. ते पाणी निदान खात्रीने गंगापूर धरणाचे असते.