शिजाक!

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी संध्याकाळी तायक्वांदोचा क्लास भरतो. त्याच हॉलमध्ये सकाळी योगासनं, दुपारी भिशी आणि भाद्रपदात गणपती. मागच्या मखराचे पुठ्ठ्याचे खांब वर्षभर कोपऱ्यात उभे असतात. एकदा बेल्टच्या परीक्षेत एका पोराची किक चुकून त्यातल्या एका खांबाला लागली आणि तो मधोमध दुमडला. सहा वर्षांत त्या हॉलमध्ये शत्रूचं झालेलं नुकसान एवढंच.

ही सहा वर्षं मी बाहेरून पाहिली. लेक आत लाथा मारायची आणि मी दाराशी, चपलांच्या ढिगाशेजारी, प्लास्टिकच्या खुर्चीत तिची पाण्याची बाटली सांभाळत बसायचो. मुलीला हे का शिकवता, असं कोणी विचारलं की उत्तर तयार असायचं: "सेल्फ डिफेन्स हो. आजकालचे दिवस बघताय ना!" आजकालचे म्हणजे नेमके कधीपासूनचे, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही.

मग एकदा सर म्हणाले, "काका, नुसतं बसून पाठ धरेल. आत या." माझं वय 54. पाठ आधीच धरलेली होती. गेलो.

पहिल्या दिवशी मला भाषेनेच लोळवलं. सगळ्या आज्ञा कोरियन. सर वाईकडचे, त्यामुळे त्यांच्या तोंडून ती भाषा कृष्णेच्या घाटावर जन्मल्यासारखी वाटते. 'चार्यत' म्हणजे सावधान. 'क्युंगन्ये' म्हणजे वाकून नमस्कार. 'आरे माक्की' ऐकल्यावर मला आधी आरेचं दूध आठवलं आणि मग मका. निघाला तो कमरेखाली येणारी लाथ हाताने अडवायचा प्रकार. आणि 'शिजाक!' माझं आजोळ कुडाळकडचं. तिकडे शिजाक म्हणजे शिजायला. 'भात शिजाक ठेवलंय,' असं आजी म्हणायची. इथे सर 'शिजाक!' म्हणून ओरडले की पोरं एकमेकांवर तुटून पडतात आणि मला चुलीवरचं पातेलं दिसतं. कोरियनमध्ये त्याचा अर्थ 'सुरू करा'. माझी सुरुवात व्हायला भात शिजण्याइतकाच वेळ लागतो, तेव्हा अर्थ दोन्हीकडचा लागू पडतो.

आता, हे सगळं वेळेला उपयोगी पडतं का? चोपन्नाव्या वर्षी जो गुडघा जेमतेम कमरेपर्यंत येतो, त्याला हा प्रश्न फार लवकर सुचतो.

उडत्या लाथेबद्दल एक दंतकथा सांगतात. म्हणे पायी लढणाऱ्याला घोडेस्वार खाली पाडता यावा म्हणून ती निघाली. इतिहासवाले ही कथा फारशी मनावर घेत नाहीत. आजचा तायक्वांदो घडला तो जपानी राजवट संपण्याच्या सुमाराला आणि त्यानंतर सोलमध्ये उघडलेल्या आखाड्यांतून, आणि तो घडवणारे बरेचसे जपानी कराटे शिकून आलेले. तरी मला ती दंतकथा सोडवत नाही, कारण घोडेस्वार गेले असले तरी आमच्याकडे मोटारसायकलस्वार आहेत. पुढचा चालवतो, मागचा मंगळसूत्र ओढतो. म्हणजे उडत्या लाथेला इतक्या वर्षांनी पुन्हा गिऱ्हाईक आलं. अडचण एवढीच, की उडी घ्यायला आधी चार पावलं धावावं लागतं, आणि मंगळसूत्र जातं तेव्हा बाईच्या एका हातात भाजीची पिशवी असते आणि दुसऱ्या हातात कोथिंबिरीचे सुटे पैसे.

शिवाय लाथेला आता हिशेबाची सवय लागली आहे. 1988च्या सोल ऑलिंपिकमध्ये हा खेळ नुसता दाखवण्यापुरता होता. 2000 साली सिडनीला त्याची पदकं सुरू झाली. अंगावरच्या चिलखताला ठोसा लागला तर एक गुण, लाथ लागली तर दोन, डोक्याला लाथ लागली तर तीन, गिरकी घेऊन मारली तर आणखी दोन वाढीव. चिलखतात आणि मोज्यांत विजेची यंत्रणा आल्यापासून खेळाडू पुढचा पाय हवेत धरून तलवारीसारखा परजत राहतात, कारण जोरात मारण्यापेक्षा यंत्राला कळेल असं मारणं महत्त्वाचं. डोक्यावर ठोसा मारायला बंदी. धरलं, ढकलत राहिलं किंवा पडलं, तर दंड म्हणून समोरच्याला गुण. आमच्या नाक्यावरचं कुठलंही भांडण कॉलर धरण्यापासून सुरू होतं. ऑलिंपिकच्या हिशेबाने तिथे तोंड उघडण्याआधीच एक गुण गेलेला असतो.

नियमांच्या बाहेर जाऊन मारलेली, मनापासूनची अशी एकच लाथ मला आठवते. 2008 साली बीजिंगला क्युबाच्या आंखेल मातोसला दुखापतीनंतर वेळेत उभं राहता आलं नाही म्हणून बाद ठरवलं, तेव्हा त्याने पंचाच्याच तोंडावर लाथ मारली. नेमकी बसली. त्याला तहहयात बंदी घातली.

तायक्वांदो हे नाव 1955मध्ये पुढे आणणारे जनरल चोई होंग-ही यांची मूळ कथा मात्र ऑलिंपिकपेक्षा नाक्याला जवळची आहे, आणि ती ते स्वतःच सांगत. तरुणपणी जपानला शिकायला निघायच्या आदल्या रात्री ते पत्त्यांत पैसे हरले. ते एका पहिलवानाने जिंकले. वाद झाला आणि चोईंनी त्याच्या कपाळावर शाईची दौत फेकून मारली. मग जपानला गेले. पण कधीतरी गावी परतायचं होतं आणि गावी तो पहिलवान होता. म्हणून कराटे शिकायला लागले. जगभर लाखो मुलं ज्या विद्येपुढे कमरेत वाकतात, तिच्या मुळाशी ही दौत आहे. हे वाचून मला फार बरं वाटलं. शौर्याला कारण म्हणून धास्ती चालते, एवढं कळलं.

1954मध्ये चोईंच्या सैनिकांनी राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांच्यापुढे प्रात्यक्षिक केलं. नाम ते-ही नावाच्या अधिकाऱ्याने एका ठोशात 13 कौलं फोडली. राष्ट्राध्यक्ष खूश झाले आणि ही विद्या सैन्यात पसरली. आमच्या कुडाळच्या घराची कौलं माकडं दर मोसमात फोडतात. त्यांना कोणी सैन्यात घेत नाही. कौल पुन्हा चढवताना छपरावर सरपटलेला माणूस म्हणून सांगतो, कौल कधी उलटून मारत नाही. त्याचा मार मागाहून, पहिल्या पावसात कळतो.

चोईंना पुढे राज्यकर्त्यांशी न पटल्याने 1972मध्ये देश सोडून कॅनडाला जावं लागलं.

शनिवारी शेवटची पंधरा मिनिटं सर हाप्किदो शिकवतात. हीसुद्धा कोरियनच विद्या, पण हिचा भर लाथेपेक्षा मनगटावर. हिचे आद्य गुरू चोई योंग-सुल. (हेही चोईच. कोरियात चोई म्हणजे आपल्याकडचे कुलकर्णी.) ते जपानमधून परतून देगू शहरात राहिले आणि त्यांनी डुकरं पाळली. डुकरांना भुसा लागतो. तो आणायला ते दारूच्या कारखान्यात जात. 1948 साली तिथे भुशावरून बाचाबाची झाली, चार-पाच जण अंगावर आले आणि या बारक्या माणसाने त्यांना एकेक करून उताणं पाडलं. कारखान्याच्या मालकाचा मुलगा सो बोक-सोप हे पाहत होता. तो स्वतः ज्युदोचा ब्लॅक बेल्ट. त्याने चोईंना आत बोलावलं आणि पहिला शिष्य झाला.

मला या गोष्टीतला भुसा आवडतो. गुरूंनी गुहेत तप केलं, स्वप्नात देव आला, असं काही नाही. मी रॉकेलच्या रांगेत डबा घेऊन वाढलेला मुलगा आहे. मध्ये घुसणारा, 'मी मघाशी इथेच होतो' म्हणणारा, आणि त्याला 'चालेल' म्हणणारा माझा बाप, हे सगळे मला चेहऱ्यानिशी आठवतात. त्या रांगेत चोई असते तर आमच्या घरी स्टोव्ह वेळेवर पेटला असता.

मनगट सोडवायची युक्ती साधी आहे. कोणी आपलं मनगट धरलं की आपण घाबरून मागे ओढतो. तिथे ताकदीचा खेळ होतो आणि ताकदवान जिंकतो. त्याऐवजी पकडणाऱ्याचा हात नीट पाहायचा. चार बोटं एका बाजूला, अंगठा बिचारा एकटा दुसऱ्या बाजूला. पकडीचं दार अंगठ्याकडे असतं. आपली मूठ उघडून बोटं ताणायची, कोपर पोटाशी आणायचं आणि मनगटाची अरुंद कड त्या दारातून सुरी फिरवावी तशी वळवून बाहेर काढायची. जमलं की इतकं सहज सुटतं, की पकडणाराच आपल्या रिकाम्या हाताकडे बघत राहतो.

घरी आल्यावर मी हे बायकोवर करून बघायचं ठरवलं. उलट बाजूने, म्हणजे मी तिचं मनगट धरलं आणि म्हटलं, सोडव बघू. तिने गॅसकडे पाहिलं. "अहो, दूध वर आलंय," म्हणाली. मी सोडलं. अंगठ्याचा काही संबंध आला नाही.

माझी खरी गाडी अडली ती किहापपाशी. लाथ किंवा ठोसा मारताना पोटातून जी आरोळी द्यायची, ती किहाप. श्वास सुटतो, पोट आवळतं, समोरचा क्षणभर दचकतो. सात-आठ वर्षांची पोरं ती अशी देतात की तळमजल्यावरचा वॉचमन वर बघतो. माझी आरोळी म्हणजे शेजारच्या खोलीत पाहुणे बसलेत आणि आपल्याला खाकरायचं आहे, अशी. सर म्हणायचे, "काका, आवाज!" मी म्हणायचो, "हो हो." आमच्या घरात आवाज चढवणं हे शिवी देण्याच्या खालोखाल. रिक्षावाल्याने जास्त पैसे घेतले तर देऊन मोकळं व्हायचं आणि घरी येऊन हळू आवाजात चिडायचं. 54 वर्षांचं हे वळण तीन महिन्यांत कसं सुटणार?

गेल्या महिन्यात जेवताना लेक म्हणाली, आज बसमध्ये एक माणूस त्रास देत होता. ती अकरावीत आहे. भातावर आमटी घेता घेता, वर्गात ऑफ तास मिळाला हे सांगावं तसं तिने सांगितलं. माझा घास हातात राहिला.

"मग?"

"ओरडले."

"काय ओरडलीस?"

"'हात काढ!' पोटातून. किहापसारखं."

सगळी बस वळली म्हणे. कंडक्टरने बेल मारली आणि तो माणूस थांबा यायच्या आधीच उतरून गेला.

मला काय सुचावं? मी विचारलं, "किक नाही मारलीस?"

"बाबा, पाय ठेवायला जागा नव्हती. उचलू कुठे?"

मी मनात हिशेब केला. महिना 800 रुपये, सहा वर्षं. 57,600 रुपये आणि शब्द दोन. बेल्टच्या परीक्षांची फी वेगळी. सरांनी आणखीही मागितले असते तरी मी दिले असते.

बायको मघापासून हातात पळी धरून उभी होती. "आम्ही सेफ्टी पिन ठेवायचो," ती म्हणाली.

"कुठे?"

"बोटांत, अशी धरून." तिने दोन बोटांच्या बेचक्यात नसलेली पिन धरून दाखवली, टोक बाहेर, मूठ पर्सच्या पट्ट्याआड. "कॉलेजला असताना रोज. टोचायची आणि दुसरीकडे बघायचं. ओरडायचं कोण?"

आमच्या लग्नाला 22 वर्षं झाली. डब्याला, बिलाला, पडद्याला लावलेल्या तिच्या पिना मी शंभर वेळा पाहिल्या आहेत. ही पिन मला माहीत नव्हती. लेकीने विचारलं, "आई, नेम लागायचा?" आई म्हणाली, "गर्दीत नेम कशाला लागतो?" आणि दोघी हसल्या. मला हसावं की नाही ते कळेना, म्हणून मी ताक मागितलं.

पुढच्या मंगळवारी क्लासला माझ्याशेजारी एक सात वर्षांची मुलगी उभी होती, पुढचे दोन दात पडलेली, बेल्ट माझ्यापेक्षा एका रंगाने वरचा. सर म्हणाले, "जुनबी!" म्हणजे तयार. आम्ही मुठी आवळल्या. "शिजाक!" मी डोळे मिटले, आणि जे काही इतकी वर्षं हळू आवाजात साठलं होतं ते गोळा करून ओरडलो. आवाज मध्येच चिरकला. मागे कोणीतरी फिसकलं.

शेजारची मुलगी हसली नाही. तिने माझ्याकडे वर बघितलं आणि "काका, घशातून नाही," म्हणत बेंबीच्या दोन बोटं खाली, डॉक्टरसारखं, बोट रोवून दाखवलं.

"इथून."