ड्राय बाल्कनीतली विलायत

एप्रिलात पुण्याचा पारा चाळिशीला टेकला की आमचे मामा दुपारी तीन वाजता पडदे ओढतात, एसी अठरावर नेतात, गुडघ्यांवर सोलापुरी चादर घेतात आणि टीव्हीवर पाऊस लावतात. पाऊस अर्थात इंग्लंडातला. चर्चच्या घंटा वाजत असतात, कुणाच्या तरी अंगणात गुलाब फुललेले असतात आणि त्या गुलाबांखाली एक माणूस मरून पडलेला असतो. "आत्ता कुठं बरं वाटलं," असं म्हणून मामा पाय वर घेतात.

मामांच्या जातीची माणसं कोथरूडपासून सहकारनगरपर्यंत बऱ्याच सोसायट्यांत सापडतात. नोकरी बँकेत किंवा विम्यात झालेली, मुलं परदेशात, गुडघे संपावर. त्यांच्या वयाचे इतर लोक सकाळी पर्वती चढतात, सवाई गंधर्वची तिकिटं काढतात, नाहीतर मोबाइलवर आयुर्वेद पाठवतात. मामा यातलं काही करत नाहीत. लहानपणी बाबुराव अर्नाळकर आणि भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स वाचून ते बिघडले, आणि तरुणपणी फर्ग्युसन रस्त्यावरच्या ब्रिटिश लायब्ररीचं कार्ड मिळाल्यावर पुरते हाताबाहेर गेले. पुढे दूरदर्शनवर 'येस मिनिस्टर' लागलं. ते मामांनी सरकारी बँकेचं प्रशिक्षण म्हणून पाहिलं. त्याचीच हिंदी आवृत्ती 'जी मंत्रीजी' 2001 साली आली, तेव्हा त्यात फारुख शेख असूनही मामांनी तिला माफ केलं नाही.

रक्त मात्र मामांना बघवत नाही. मराठी वृत्तवाहिनीवर ढोल बडवत एखाद्या गुन्ह्याची बातमी आली की त्यांचं बीपी चढतं, मामी धावत येऊन रिमोट हिसकावते. 'मिडसमर मर्डर्स'मध्ये तेच मामा एका भागात तीन-तीन प्रेतं खारी बुडवत पचवतात. ही मालिका 1997 पासून चालू आहे. तिच्यात एका बाईवर चीजची अजस्र चकती पडून ती मरते, तर एका गृहस्थाला हिरवळीवर जखडून त्याच्यावर दारूच्या बाटल्यांचा मारा होतो. मामा त्याला खून म्हणत नाहीत, "काम" म्हणतात. "काय सुंदर काम केलंय बघ!"

मला आधी वाटायचं, हे सगळं त्या हिरवळीसाठी, दगडी घरांसाठी, वेलींसाठी. मग लक्षात आलं की मिडसमरचं गाव म्हणजे दुसरंतिसरं काही नसून मामांची हाउसिंग सोसायटी आहे. तिथंही लोक फुलांच्या प्रदर्शनातल्या बक्षिसावरून, घंटा कुणी वाजवायच्या यावरून, कुंपण कुणाच्या हद्दीत यावरून एकमेकांच्या जिवावर उठतात. फरक इतकाच की तिथं ते खरंच उठतात, आणि दीड तासाच्या आत इन्स्पेक्टर बार्नबी येऊन प्रकरण मिटवतो. मामांच्या सोसायटीत गच्चीवरची पाण्याची टाकी रोज पहाटे भरून वाहते. हा विषय तीन सेक्रेटऱ्यांच्या कारकिर्दी पुरून उरला आहे. अशा माणसाला संध्याकाळी पाचपर्यंत निकाल लागलेला बघायला मिळाला, तर तो दुसऱ्या कशाला का भुलेल?

खुनाइतकंच मामांना चहाचं वेड. चहा किटलीत मुरला पाहिजे आणि किटलीला टोपडं पाहिजे. विलायती टोपडं मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःची जुनी माकडटोपी किटलीला घातली. तोटी बरोबर तोंडाच्या भोकातून बाहेर येते. पाहुण्यांना क्षणभर वाटतं, टेबलावर कुणीतरी बसलं आहे.

केकचं प्रकरण निवृत्तीनंतर उद्भवलं. त्याला कारण 'द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ'. हिरवळीवर पांढरा तंबू, तंबूत ओव्हनच्या रांगा, आणि डझनभर साधी माणसं जिवाच्या कराराने पाव भाजताहेत. जिंकणाऱ्याला पैसा मिळत नाही, काचेचं केक ठेवायचं स्टँड आणि फुलं मिळतात. एवढ्यासाठी मोठी माणसं रडतात, आणि हरलेला जिंकणाऱ्याला मिठी मारतो. मामांनी आयुष्यभर बँकेत बढत्यांच्या मुलाखती पाहिल्या होत्या. हा प्रकार बघून ते विरघळलेच, आणि दुसऱ्याच दिवशी ओटीजी घेऊन आले.

मामी म्हणाली, "अंडं माझ्या ओट्यावर येणार नाही." त्यामुळे ओटीजी ड्राय बाल्कनीत गेला, वॉशिंग मशीनच्या डोक्यावर. मशीन पिळायला लागलं की केक थरथरतो, म्हणून कपडे आणि केक यांचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं आहे. व्हिक्टोरिया स्पंजचा नियम असा की अंडी तोलायची आणि तितकंच लोणी, तितकीच साखर, तितकाच मैदा घ्यायचा. मामा ती अंडी कवचासकट काट्यावर ठेवतात आणि ग्रॅम वहीत टिपतात. आदल्या पिढीत दिवाळीला नानकटाईचं पीठ डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर नेलं जायचं, आणि काचेच्या झाकणाच्या गोल अ‍ॅल्युमिनियम ओव्हनमध्ये मामीने दोन मुलांचे सगळे वाढदिवस काढले. वजनकाटा तिने फक्त रद्दीवाल्याकडे पाहिला. ती दारात उभी राहून हा सोहळा बघते आणि केक कापल्यावर एक तुकडा (अंड्याचा नियम ओट्यापुरताच आहे, जिभेला लागू नाही) तोंडात टाकून म्हणते, "बरा झालाय." त्या दिवशी मामा कुणाशीही फार नम्रपणे बोलतात.

मामांकडे माहितीही उदंड. कस्टर्ड खायला बसलं की ती येतेच. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या गृहस्थाच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं, म्हणून त्याने 1837 मध्ये बिनअंड्याची कस्टर्ड पावडर काढली. तिला यीस्टही चालेना, म्हणून 1843 मध्ये बेकिंग पावडर काढली. "आणि मी तुझ्यासाठी काय केलं?" असं मामा मामीला स्वतःहून विचारतात. मला वाटतं हा प्रश्न त्यांनी टाळायला हवा. निम्म्या शाकाहारी महाराष्ट्राची फ्रूट-कस्टर्डची वाटी त्या बर्डबाईंच्या पोटदुखीवर उभी आहे, हे मात्र खरं.

पुणेकराला श्रूसबेरी म्हटलं की कयानीचं बिस्किट आठवतं आणि मग ते संपलं असल्याची पाटी आठवते. मामांना त्या नावाच्या इंग्लंडातल्या गावचा बाराव्या शतकातला मठ आठवतो. तिथं ब्रदर कॅडफेल हा साधू औषधी झाडं लावतो आणि फावल्या वेळात खून उलगडतो. एलिस पीटर्सच्या त्या कादंबऱ्यांवर डेरेक जॅकोबीची मालिका निघाली. तिचं चित्रीकरण हंगेरीत झालं हे कळल्यावर मामा दोन दिवस गप्प होते. विलायतच नकली निघाली म्हणजे काय!

खरी विलायत त्यांनी एकदा पाहिली आहे. मुलगी रेडिंगला असते. तिने लंडन दाखवायचा बेत केला होता, पण मामांनी तिला वॉलिंगफर्डला गाडी काढायला लावली. टेम्सकाठचं हे लहानसं गाव 'मिडसमर'मध्ये कॉस्टन म्हणून दिसतं, आणि अगाथा ख्रिस्ती 1976 मध्ये वारली ती इथल्याच घरात. मामा चौकात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला निरखत होते. चहाच्या दुकानातली बाई फार गोड हसली, तेव्हा ते मुलीच्या कानाशी म्हणाले, "हीच." स्कोनवर आधी जॅम की आधी साय यावरून कॉर्नवॉल आणि डेव्हन यांचं जुनं वैर आहे. मामांनी दोन्ही पद्धतींनी एकेक खाऊन मत राखून ठेवलं. पण आठवडाभरात त्यांना वरणभात आठवू लागला आणि मुक्काम आवरता घेण्याची भाषा सुरू झाली. "इंग्लंडमध्ये इंग्लंड नीट दिसत नाही," ते म्हणाले. "घरी एसीत जास्त छान दिसतं."

मामीच्या साठीला त्यांनी ख्रिस्तीच्या 1950 च्या 'अ मर्डर इज अनाउन्स्ड'मधला चॉकलेट केक केला. कादंबरीत युद्धानंतरच्या रेशनिंगचे दिवस आहेत, लोणी-साखर जिवापलीकडे मिळवून तो भाजला जातो आणि त्याचं लाडकं नाव असतं 'डिलिशस डेथ'. जिच्या वाढदिवसाला तो होतो ती बाई लगोलग मरते. केकनं नव्हे, गोळीनं. हा तपशील मामांनी मामीला ताट पुसून झाल्यावर सांगितला. तिने तेव्हापासून बीपीची गोळी स्वतःच्या हाताने काढून घ्यायला सुरुवात केली आहे.

आणि मग गेल्या सर्वसाधारण सभेत मामांनी सूट घातला. हातात व्हिक्टोरिया स्पंज. सगळ्यांना क्लबहाउसात अर्धगोलात बसवून त्यांनी टाकीचं रहस्य सोडवायला घेतलं. चौथ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंपासून वॉचमनपर्यंत एकेकावर संशय आणून तो दूर केला, पंपाच्या बटणावरच्या रांगोळीच्या ठशाचा उल्लेख केला, पहाटे फिरायला कोण जातं आणि जाताना बटण कोण दाबतं हे सांगितलं, आणि अखेर बोट सेक्रेटरीसाहेबांकडे वळवलं. क्लबहाउस चिडीचूप. विलायतेत या क्षणी गुन्हेगार एकतर ढसढसा रडतो किंवा खिडकीतून उडी मारतो.

सेक्रेटरीसाहेबांनी केकचा दुसरा तुकडा उचलला, चष्मा पुसला आणि लिहून घेतलं: टाकीचा विषय पुढील सभेत घ्यावा. केकसाठी आभार. अंड्याबाबत खुलासा मागवावा.