पाहिजे : चालू स्थितीतली लूना

सोळा वर्षांच्या पोराने सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवायला या देशाच्या कायद्याची मुळीच हरकत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ मधलं चौथं कलम काढून पाहावं. अठरा वर्षं पुरी झाल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही, असं ते आधी दटावतं आणि लगेच विरघळतं : इंजिन ५० सीसीपेक्षा मोठं नसेल तर मोटरसायकलला सोळा पुरेत, अर्थात लायसन काढून. ही बातमी मालेगावच्या चौकात सांगितली तर ऐकणारा डोकं खाजवील. "सोळा? आमचं लेकरू तं बाराव्या वर्षापासून चालवून राह्यलं. त्याले काय आता चार वर्षं थांब म्हणू?"

हे मालेगाव नाशिक जिल्ह्यातलं नव्हे. ते मोठं, त्याच्या गाड्यांना एमएच ४१ हा स्वतःचा क्रमांक आहे. हे वाशीम जिल्ह्यातलं, कागदोपत्री मालेगाव जहांगीर. नावात जहागिरी असली तरी गाडीच्या पाटीवर वाशीमचाच एमएच ३७ येतो. रस्त्यांच्या बाबतीत मात्र गाव श्रीमंत आहे. अकोल्याहून वाशीम-हिंगोलीकडे जाणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग इथून जातो आणि तालुक्याच्या शिवारातून समृद्धी महामार्गही गेला आहे. समृद्धीवर ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे आणि दुचाकीला बंदी. म्हणजे तालुक्यातला सगळ्यात गुळगुळीत रस्ता तालुक्यातल्या बहुतेक गाड्यांना पुलावरून बघण्यापुरता मिळालेला आहे.

तर समजा, या मालेगावातल्या एका बापाच्या डोक्यात खूळ शिरलं की, पोराला गाडी द्यायची ती कायद्यानेच. बायकोने समजावलं, शेजाऱ्याने समजावलं, पण गडी ऐकेना. त्याने कायद्याचं सातवं कलमही वाचलं. अठराच्या आतल्या पोराला बिनगिअरच्या मोटरसायकलचं शिकाऊ लायसन हवं असेल तर पालकाची लेखी संमती लागते. बापाने संमती दिली, सही ठोकली आणि पोराला घेऊन शोरूममध्ये गेला.

"पन्नासची दाखवा."

"पन्नासचं पेट्रोल भेटते भाऊ, गाडी नाही भेटत."

इथे शोरूमवाल्याची चूक नाही. ज्या ५० सीसीच्या गाडीसाठी कायद्याने सोळाव्या वर्षाचं दार किलकिलं ठेवलं, ती पेट्रोलची गाडी बाजारातून कधीच उठून गेली. मोपेड म्हणून आज सगळ्यांच्या डोळ्यांपुढे येते ती टीव्हीएस एक्सएल १००. दूधवाल्यांची लाडकी, दोन कॅन आणि वर एक पाहुणा सहज वाहणारी. तिचं इंजिन आहे ९९.७ सीसीचं, कायद्याच्या मापाच्या जवळजवळ दुप्पट. स्कूटर बघावी तर ११० आणि १२५. कायद्याने पोराला ताट वाढलं आणि बाजाराने स्वयंपाकघरच बंद केलं.

हे ताट कधी भरलेलं होतं, ते बापाच्या बापाला आठवतं. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने, म्हणजे फिरोदियांनी, लूना बाजारात आणली. ५० सीसी, दोन पेडल, गिअर नाही, पेट्रोल संपलं तर पायडल मारत घर गाठायची सोय. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या मोपेडवरून घडवलेली ही गाडी बघता बघता इतकी मराठी झाली की मास्तर, पोस्टमन, भिक्षुक आणि विमा एजंट तिच्याशिवाय ओळखू येईनात. १९८० मध्ये तमिळनाडूतल्या होसूरहून टीव्हीएस ५० आली. मग बजाजची एम ५०. त्या काळात कलम चारला अर्थ होता. सोळाव्या वर्षी पोरगा मॅट्रिक व्हायचा, मामा लूना द्यायचा, आणि कायदा, मामा, भाचा असे तिघेही एकाच वेळी खूश असायचे. असा योग भारतीय कायद्यात फार वेळा येत नाही.

मग इंजिनं मोठी झाली, लूना बंद पडली, कलम मात्र तिथेच बसून राहिलं. स्टेशन उठून गेलं तरी वेटिंग रूम चालू ठेवावी, तसं.

बाप हार मानणारा नव्हता. त्याने जुनी लूना शोधायला घेतली. तीही नुसती मिळून भागत नाही. चाचणी द्यायची ती ज्या प्रकारच्या गाडीचं लायसन मागितलंय त्या प्रकारच्या गाडीवर. म्हणजे परीक्षेच्या दिवशी पोराने ५० सीसीची, चालती, कागदपत्रं शाबूत असलेली गाडी हजर करायची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते, नंतर दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण. त्यावर विमा, पीयूसी आणि नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट. टू-स्ट्रोक इंजिनाचा धूर मशीनमध्ये सोडायचा आणि पीयूसीवाल्याच्या चेहऱ्याकडे पाहायचं नाही. थोडक्यात, सोळा वर्षांच्या पोराला मालेगावात कायदेशीर पेट्रोल गाडी चालवायची असेल तर ती गाडी त्याच्याहून वयाने मोठी पाहिजे, जमल्यास बापाच्या लग्नाआधीची. खाटेवरच्या आजोबांना मात्र अशा वेळी एकदम भाव येतो, कारण ती गाडी कोणाच्या गोठ्यात, कडब्याखाली पडली आहे, हे त्यांनाच ठाऊक असतं.

आता कोणी म्हणेल, लूना परत आली ना! आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये नितीन गडकरींच्या हस्ते विजेवरची ई-लूना बाजारात उतरली. ती ताशी ५० च्या आसपास पळते, म्हणून तिला पासिंग लागतं, विमा लागतो, लायसन लागतं. पण सोळा वर्षांच्या पोराचं काय? कलम चार अजून सीसीत बोलतं आणि विजेच्या मोटरला सीसीच नसतात. शून्य हा आकडा पन्नासपेक्षा मोठा आहे काय, हा प्रश्न मालेगावच्या कोणत्याही शाळेत चौथीच्या वर्गात सुटेल. आरटीओच्या खिडकीवर मात्र तो विचारून पाहण्याची हिंमत आजवर फारशी कोणी केलेली दिसत नाही.

असा दमलेला बाप शेवटी जिथे पोचतो, तिथे आज अर्धा महाराष्ट्र पोचलेला आहे. बसस्टँडजवळचं दुकान, बाहेर रंगीत फुगे, आत चकचकीत छोट्या स्कूटरी आणि पाटी : लायसन नको, पासिंग नको, विमा नको, हेल्मेट नको. ही पाटी खोटी नाही, हेच तिचं वैशिष्ट्य. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये बॅटरीच्या गाडीची व्याख्या आहे आणि तिच्या पोटात एक सवलत. मोटरची तीस मिनिटांची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, ब्रेक धड, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर, आणि हे सगळं अधिकृत चाचणी संस्थेने, उदाहरणार्थ पुण्याच्या एआरएआयने, तपासून मान्य केलेलं. एवढं जुळलं की ती गाडी मोटार वाहन मानली जात नाही. दोन चाकं आहेत, मोटर आहे, हॉर्न आहे, वर माणूस बसलाय, पण कायद्याच्या लेखी गाडीच नाही.

पेट्रोलवाल्यांनी हिरमुसू नये. कायद्याच्या दुसऱ्या कलमात त्यांच्यासाठीही चार बोटं जागा आहे : चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असेल तर तेही मोटार वाहनाच्या व्याख्येबाहेर. सोयाबीनवर फवारणी करणारे पाठीवरचे पेट्रोल पंप साधारण याच मापाचे असतात. म्हणजे मालेगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या पाठीवर जे इंजिन गुरगुरतं, त्याच्या जोरावर सायकल पळाली तर कलमाला त्यात मोटार दिसणार नाही. गावचे वेल्डर हे वाचत नसतील, अशी आशा आहे.

जुन्या माणसांना या औदार्याचं नवल वाटतं. राज्यातल्या कित्येक गावांत एके काळी साध्या सायकलवर नगरपालिकेचा कर होता, तो भरल्याचा बिल्ला सायकलला लावावा लागे, रात्री दिवा नसला की शिपाई अडवत असे, चाकाची हवा सोडत असे आणि डबल सीट पकडले गेले तर मागचा उतरून पळत असे. पायाने मारायच्या सायकलला दिवा लागायचा. मोटरने पळणाऱ्या या गाडीला कायद्याकडून दोन रिफ्लेक्टरची अट पुरली आहे.

ताशी २५ हा वेग मालेगावच्या बाजारात पुरेसा आहे, आठवडी बाजाराच्या दिवशी तर चैनीचा. महामार्गावर चित्र वेगळं. मागून येणाऱ्या सोळा चाकी ट्रकला पुढची गाडी व्याख्येत बसत नाही याच्याशी काही घेणं नसतं. एवढ्या वेगाने वाशीम गाठायला तासभर लागतो आणि तेवढा वेळ पोराने लाल रिफ्लेक्टरच्या भरवशावर काढायचा असतो. म्हणून घरी आलेली गाडी आठवड्यात दुकानात परत जाते. तक्रार एकच : "पळतच नाही हो." मग दुकानदार इकडेतिकडे पाहून म्हणतो, "लॉक काढून देतो, पंचेचाळीस मारते."

या एका वाक्याला गाडीचा पुनर्जन्म होतो. लॉक निघालं की ती क्षणात कायद्याने मोटार वाहन होते. नोंदणी नसलेलं, विमा नसलेलं, बिनलायसनच्या पोराच्या हाती दिलेलं. पाटीवरच्या चारही 'नको' एकदम 'पाहिजे' होतात, फक्त पाटी कोणी बदलत नाही. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तांनी अशा वेग वाढवलेल्या ई-बाईक शोधून कारवाई करायला आरटीओंना सांगितलं होतं. शोधायच्या कशा, हा प्रश्न उरतोच. नंबर प्लेट नसलेल्या गाडीचा नंबर कॅमेऱ्याला टिपता येत नाही.

कायद्याचा खरा विनोद पुढे आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेलं कलम १९९ए सांगतं की, अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केला तर दोषी पालक किंवा मालक : तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. वाढीव दंडाच्या नव्या तरतुदींनी महाराष्ट्रात एवढा धसका बसला होता की, निवडणूक तोंडावर असताना तेव्हाचे परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी केंद्राला फेरविचाराचं पत्र पाठवलं, आणि राज्याने तडजोडीच्या दंडाचे नवे दर लावायला डिसेंबर २०२१ उजाडला. ते असो. लॉक काढलेल्या स्कूटरच्या मालकाला यातला निदान एक दिलासा आहे : जिची नोंदणी झालीच नाही, तिची नोंदणी रद्द करता येत नाही.

गंमत म्हणजे याच १९९एमध्ये सुटकेची वाटही आहे. मुलाकडे शिकाऊ का होईना लायसन असेल आणि तो त्याच लायसनात बसणारी गाडी चालवत असेल, तर पालकाला हे कलम लागत नाही. म्हणजे ज्या बापाने कडब्याखालची लूना उकरून काढली, तो या कलमापासून वाचला. सरकारने करात सूट वगैरे देत ज्या विजेच्या गाडीकडे त्याला बोट धरून नेलं, तिने त्याला गोत्यात आणलं.

स्कूटर घ्यायला निघालेल्या वाचकांना एवढंच सांगणं. दुकानात आधी चाचणी संस्थेच्या मान्यतेचा कागद मागावा. दुकानदार वेग वाढवून द्यायला तयार असेल, तर 'लॉक काढून दिलं' एवढे तीन शब्द सहीशिक्क्यासह बिलावर लिहून मागावेत. तो नाही लिहिणार. कायद्याच्या नियमांबाहेर जाऊन मोटार वाहन बदलणाऱ्या किंवा विकणाऱ्या विक्रेत्याला कलम १८२ए खाली एक वर्षापर्यंत कैद, गाडीमागे एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, हे बापाला माहीत नसलं तरी त्याला पक्कं माहीत असतं.