स्क्वेअर फुटाला कसं?

खिडक्या बदलायचा विचार आपल्या डोक्यातून निघून बायकोच्या कानापर्यंतही गेलेला नसतो, तोवर कोटेशनकाका दारात हजर असतात. हातात पाच मीटरचा टेप, कानावर पेन्सिल. "स्लायडिंग करतोयस म्हणे. स्क्वेअर फुटाला कसं?"

काकांना जगातली कुठलीच वस्तू नगावर घेतलेली खपत नाही. एकदा हॉटेलात मसाला डोसा आला, तर यांनी तो उलगडून व्यास मोजला. १४ इंच. "फुटाला पंचाहत्तर रुपये पडला. वर दुमडून आणतात, म्हणजे बघायला मिळतो अर्धाच!" भाचीच्या लग्नात बायका पैठणीवरून हात फिरवत होत्या, तेव्हा हे पदराचा आणि अंगाचा दर वेगवेगळा काढत होते. मेहुण्यांच्या निधनाची जाहिरात द्यायला गेले, तर पेपरवाल्यानं आपणहून चौरस सेंटीमीटरचा भाव सांगितला. त्या दुःखातही काकांना गहिवरून आलं.

स्वतःच्या खिडक्यांची कोटेशनं त्यांनी गोळा करायला घेतली २०१६ साली. नोव्हेंबरात नोटा गेल्या. "थांबू, भाव उतरतील." १ जुलै २०१७ला जीएसटी आला. "घडी बसू दे." मग लॉकडाऊन. मार्च २०२२मध्ये लंडनच्या बाजारात अ‍ॅल्युमिनियम टनाला ४००० डॉलरच्या वर गेलं, तेव्हा मला जिन्यात अडवून म्हणाले, "बघ, घाई केली नाही ते बरं झालं." हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

माझ्याकडे तीन कोटेशनं होती. सगळ्यात स्वस्त त्याला काम द्यायचं, एवढी माझी अक्कल. काकांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले आणि पेन्सिल उतरवली.

"हा स्वस्त, कारण काच चार मिलिमीटरची. त्याची पाचची आहे. तिसऱ्यानं १८ टक्के जीएसटी खाली मुंगीएवढ्या अक्षरात टाकलाय. परांची, जुनी चौकट काढणं, राडारोडा खाली नेणं कुणीच धरलेलं नाही. टू ट्रॅक घेतलीस तर मच्छरजाळी कुठं सरकवणार? आणि स्लायडिंग एका वेळी निम्मीच उघडते, बरं का. पैसे अख्ख्या खिडकीचे, वारा अर्धीचा!"

संध्याकाळी स्वस्तवाला आला. काकांनी स्वतः टेप लावला. "भोक तीन फूट आठ इंचांचं. कागदावर चार बाय चार कसं?"

"राउंड फिगर धरतो, काका."

"साडेतेराचे सोळा? पाच खिडक्यांत पावणेतेरा फूट नुसती हवा विकतोस?"

त्यानं कागद बदलून दिला. चहा मात्र अर्धा टाकून गेला.

माझे पैसे वाचले, हे कबूल करायला मला आठवडा लागला. शेवटी वरच्या मजल्यावर गेलो आणि म्हटलं, "काका, माझ्याबरोबर तुमच्याही करून टाकू. एकाच परांचीत होईल."

ते काही न बोलता हॉलच्या खिडकीपाशी गेले. इमारत उभी राहिली तेव्हाचीच सागवानी खिडकी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकडा कोयंड्यापर्यंत पोचत नाही. खालच्या तावदानाशी ते वाकले.

"१९७१ला वाडेकरांची टीम इंग्लंडमध्ये जिंकली. त्या पंधरवड्यात ही काच मी फोडली. वडील ओरडले नाहीत. खडूची पावडर आणि जवसाचं तेल आणलं, लांबी मळली, स्वतः काच बसवली. हे बघ."

कोपऱ्यातल्या लांबीत एक खळगा होता. रंगाचे किती हात बसले होते कोण जाणे, पण अंगठ्याचा दाब अजून कळत होता. मी माझा अंगठा ठेवून पाहिला. माझा मोठा निघाला.

"केवढा असेल?" मी उगाच विचारलं.

"पाऊण बाय अर्धा इंच." टेपला हात न लावता काका म्हणाले.

पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मीही नाही.

"चहा टाकतो," ते म्हणाले. "बस जरा. साडेपाचला एकजण येतोय, माप घ्यायला."