पडण्याची ऐपत

दादा कुठल्याही गावात सापडतात. पुण्यात कोथरूडला, चिंचवडला, नाशकात गंगापूर रोडला, कोल्हापुरात तर गल्लीला एक. वय बेचाळीस ते पन्नास, हुद्दा बरा, पोट माफक. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबाला लागून त्यांची मोटारसायकल उभी असते. तिच्यावर वॉटरप्रूफ कव्हर, कव्हराला खालून बकल, आणि बॅटरी उतरू नये म्हणून कुठून तरी ओढून आणलेली चार्जरची वायर. घरात माळ्यावर, आकाशकंदिलाच्या खोक्याशेजारी, गुडघ्यापर्यंत येणारे बूट असतात. त्यांचं एक बकल तुटलेलं, आणि शिवणीत अजून कुठल्या तरी ट्रॅकची माती. एके काळी ह्याच बुटांतून दादा डर्ट ट्रॅकवर नोव्हिस क्लासमध्ये उतरत. टेबलटॉपवरून गाडी हवेत गेली की कॉमेंट्रीवाला लाउडस्पीकरवर त्यांचं आडनाव चुकीचं घेई आणि मातीच्या बांधावर बसलेलं पब्लिक तेच चुकीचं आडनाव घेऊन ओरडे. आता विषय काढला तर दादा म्हणतात, "पूर्वीची मजा नाही राहिली." ती गेली कुठे, असं विचारलं तर ते सरकारपासून स्वतःच्या मणक्यापर्यंत बऱ्याच जणांवर आळ घेतात. पण नीट तपास केला तर ह्यांतल्या बहुतेक आरोपींना निर्दोष सोडावं लागतं.

पहिला आरोपी वय. २०२४ साली डाकार रॅली मोटारींच्या गटात जिंकणारा कार्लोस साइन्झ ६१ वर्षांचा होता. ह्यावर दादा लगेच म्हणणार, "चार चाकांवर काय, पाठ टेकून बसायचं असतं!" मान्य. पण त्याच रॅलीत मोटारसायकलवाल्यांचा एक गट असा आहे की त्यात टीम नाही, मेकॅनिक नाही. स्वतःची एक पेटी, एक तंबू, आणि दिवसभर वाळू खाऊन आल्यावर रात्री बॅटरीच्या उजेडात आपली गाडी आपणच खोलून बसायचं. ह्या गटात हौशी माणसं फार. घरचं खाऊन वाळवंटातल्या गाड्या दुरुस्त करणारी ही जमात निव्वळ वयाने विझणारी असती, तर तो गट कधीच बंद पडला असता. दुसरा आरोपी म्हणजे सोयी. "आपल्याकडे ट्रॅक कुठायत?" हा दादांचा हुकमी सवाल. पण मद्रासजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक झाला १९९० साली. त्याआधीच्या पिढ्यांनी शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर शर्यती केल्या, आणि हौसेची कमतरता तेव्हा कोणालाच जाणवली नव्हती. पुढे २०११ साली ग्रेटर नॉयडाला बुद्ध सर्किट झालं, २०२३ साली तिथे मोटोजीपी येऊन गेली, २०२४ च्या जानेवारीत तर खुद्द पुण्यात, बालेवाडीला, सुपरक्रॉस लीग झाली. सोयी वाढत गेल्या आणि दादा त्या सगळ्या मोबाइलवर बघत गेले. तिसऱ्या आरोपी वहिनी. त्यांच्याविरुद्धचा खटला तर उभाच राहत नाही. रविवारी हे घरी थांबायला लागल्यापासून घरातल्या प्रत्येक बिजागरीला चेनचा स्प्रे मारून झाला आहे. आता हे कुठे तरी जातील तर बरं, असं वहिनींचंच म्हणणं आहे.

खरा गुन्हेगार खाली पार्किंगमध्ये कव्हर पांघरून उभा आहे. मातीतली मोटारसायकल हा मुळात पडण्याचा खेळ आहे. वळणावर मागचं चाक कुठवर सरकू द्यायचं, हे ते त्याच्याही पुढे सरकून माणूस आडवा झाल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे ह्या खेळात टिकायला तीन गोष्टी लागतात: पडल्यावर खर्च कमी यावा, गाडी एकट्याला उचलता यावी आणि बघणाऱ्यांनी हसून सोडून द्यावं. दादांच्या उमेदीच्या काळात ह्या तिन्ही गोष्टी त्यांच्याकडे होत्या, कारण त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. गाडी होती यामाहा आरएक्स १००. १९८५ साली आली, १९९६ साली बंद झाली, आणि बंद झाल्यावर सेकंडहँड बाजारात जास्तच जोरात धावू लागली. अकरा अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. पडली तर लिव्हर वाकायचा, फूटरेस्ट वाकायचा, इंडिकेटर तर आधीच काढून ठेवलेले. वाकलेलं पाइपात घालून सरळ करायचं, सायलेन्सरला गॅसवेल्डिंगचा टाका मारायचा, प्लग काढून त्याचा रंग बघायचा आणि पुन्हा जाऊन त्याच वळणावर पडायचं. पगाराच्या आकड्याला तीन शून्यं होती तेव्हाही दादांना पडणं परवडत होतं.

मग बढती आली, बोनस आला, आणि हप्त्यावर ती अडीचशे किलोची परदेशी गाडी आली. गाडीत खोट नाही. ट्रॅक्शन कंट्रोल आहे, पाऊस-चिखल-रस्ता असे वेगवेगळे मोड आहेत, हँडलला ऊब आहे. (पुण्यात ती ऊब कोणत्या महिन्यात लावतात, हे कंपनीने छापलेलं नाही.) पण ही गाडी पहिल्यांदा आडवी झाली तो दिवस दादांच्या आयुष्याला वळण देणारा ठरला. जुलै महिना, मुळशीकडचा शेताकडेचा रस्ता, काळी माती. ही माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये जाऊन बसते, थरावर थर चढतो आणि चाक फिरायचं बंद होतं. म्हणून तर डर्ट बाइकचं पुढचं मडगार्ड चाकापासून वीतभर उंच असतं. चाक अडलं, गाडी ज्या वेगात पडली त्या वेगात माणसं भाजी घेतात. पण एकट्याने ती उठेना. शेतावरचे दोघे आले, त्यांनी "एवढी जड कशाला घेतली?" हा अत्यंत शास्त्रीय प्रश्न विचारला आणि ती उभी करून दिली. सर्व्हिस सेंटरने हँडगार्ड, लिव्हर आणि बाजूच्या पॅनेलचा जो आकडा सांगितला, त्यात एके काळी आख्खी आरएक्स आली असती. त्या दिवसानंतर दादा पडले नाहीत. पडायचं नाही म्हणजे सरकायचं नाही, सरकायचं नाही म्हणजे मातीत जायचं नाही. वर्षभरात गाडीला सिरॅमिक कोटिंग झालं.

दादांची हौस शिल्लक आहे की संपली, हे ओळखायची एक खूण आहे, आणि ती दादांना न विचारता तपासता येते. क्लचचा लिव्हर ज्या क्लॅम्पने हँडलला बसवलेला असतो, त्याचे बोल्ट जो माणूस मातीत जातो तो कधीच करकचून आवळत नाही. एवढेच आवळतो की चालवताना लिव्हर हलू नये, पण गाडी पडली तर तो जागेवर फिरावा, तुटू नये. काही जण तर क्लॅम्पखाली टेफ्लॉन टेपचे दोन वेढे देतात. रॅलीवाले क्लचच्या केबलशेजारी दुसरी केबल आधीच ओढून ठेवतात. पहिली तुटली की टोक बदललं आणि निघाले. ह्या बारक्या तयाऱ्यांत पडणं गृहीत धरलेलं आहे, आणि ज्याने ते गृहीत धरलं त्याचा उत्साह शाबूत आहे. दादांच्या गाडीचा क्लॅम्प बघा. कंपनीतून आला तसा, बोल्टवरचा रंगही न निघालेला.

पडण्याच्या खर्चात अब्रूही धरावी लागते, आणि तिचा हप्ता सगळ्यांत मोठा. गाडी मोठी झाल्यावर ग्रुपवर माणूस 'दादा' होतो. पन्नास जणांच्या रविवारच्या ब्रेकफास्ट राइडला तोच पुढे असतो. निघण्याआधी हातवारे करून खुणा समजावतो, टोलनाक्यापाशी सगळ्यांना मोजतो, मिसळीच्या टपरीवर "ओव्हरटेक करताना मला कोणी मागे टाकलं?" म्हणून जाब विचारतो. त्याच्या जॅकेटच्या पाठीवर लडाखचा पट्टा असतो. असा माणूस नोव्हिसांच्या समोर चिखलात लोळू शकत नाही. कालपर्यंत जो खेळाडू होता तो असा हळूहळू खेळाचा पदाधिकारी होतो. कंटाळा येतो तो इथे. आपण अनुभवी झालो म्हणून कंटाळा आला, असं दादा समजतात. खरं म्हणजे शिकणं थांबलं म्हणून आला आहे. पण पन्नास माणसांना मिसळ खाऊ घालताना हे लक्षात यायला सवड नसते.

इथे समंजस वाचक हात वर करणार आणि तो आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पडणं म्हणजे गंमत आहे का? सी. एस. संतोष २०१५ साली डाकार पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. त्याआधी २०१३ साली अबू धाबीच्या वाळवंटात त्याच्या गाडीने पेट घेतला होता आणि तो भाजला होता. २०२१ च्या डाकारमध्ये तर तो असा पडला की डॉक्टरांना त्याला औषधांनी बेशुद्ध ठेवावं लागलं. आपलाच दुसरा स्वार हरिथ नोहा २०२३ च्या डाकारमधून पडून बाहेर गेला. पुढच्याच वर्षी त्याने रॅली २ हा गट जिंकला आणि एकूण मोटारसायकलींत अकरावा आला, ही गोष्ट खरी असली तरी ती पंचेचाळिशीच्या, शुगर काठावर असलेल्या माणसाला सांगण्यात अर्थ नाही. पण ह्या आक्षेपात दोन वेगळी पडणी एकत्र झाली आहेत. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांत चव्वेचाळीस टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. पडणं जिथे जिवावर बेततं ती जागा हायवे आहे, आणि आपले दादा सुरक्षिततेच्या नावाखाली नेमके तिथेच, शंभरच्या वेगाने, मिसळ खायला जातात. तालमीत मातीत ताक, हळद, तेल घालून ती मऊ का करतात? तिथे माणूस रोज पडणार आहे म्हणून. सुपरक्रॉसच्या ट्रॅकवर टँकरने पाणी मारतात, कडेला गार्ड घातलेली माणसं झेंडे घेऊन उभी असतात, ते ह्याच हिशेबाने. शिवाय सगळ्या पडण्याला वेग लागतोच असं नाही. मोटारसायकल ट्रायल हा प्रकार बघा: दगडधोंड्यांतून माणसाच्या चालीने गाडी न्यायची, पाय टेकला की एक गुण दंड, गाडी थांबली किंवा पडली की पाच. ह्यात गुडघा खरचटतो, घाम निथळतो, अहंकार रोज थोडा वितळतो, आणि संध्याकाळी माणूस आपल्या पायांनी घरी येतो.

गेलेली हौस परत येते ती ह्याच वाटेने, म्हणजे खाली उतरून. नवी गाडी घेऊन ती परत आणायचा प्रयत्न बहुतेक दादा एकदा करून बघतात. त्यात हप्ता वाढतो, बाकी काही होत नाही. ज्यांची खरोखर परत आली त्यांच्या गोष्टीत नेहमी एक हलकी आणि हलक्या दर्जाची गाडी असते. भाच्याने परदेशी जाताना सोपवलेली, किंवा गॅरेजवाल्याने "घेऊन जा, पैसे नंतर बघू" म्हणून गळ्यात मारलेली. बहुतेक वेळा ती हीरोची एक्सपल्स निघते: दोनशे सीसी, अठराच्या आसपास अश्वशक्ती, बाजारात आली २०१९ साली, आणि हातात पडेपर्यंत चार ठिकाणी आधीच आपटलेली. ह्या चार खरचट्यांनी अर्धं काम झालेलं असतं. पाचव्याला कोण हिशेब विचारतो? उरलेलं अर्धं काम अनोळखी माणसं करतात. संतोषने बेंगळुरूच्या पुढे, कोलारकडे, डर्ट बायकिंगची शाळा काढली, तशा ठिकाणी पंचेचाळिशीचा गृहस्थ विशीतल्या पोरांच्या रांगेत उभा राहतो तेव्हा त्याला कोणी दादा म्हणत नाही. "सर, कोपर वर," एवढंच म्हणतात. पडलेली गाडी पाठीने नव्हे तर पायांच्या जोरावर कशी उचलायची, इथून पुन्हा श्रीगणेशा. दुपारपर्यंत दादा सहा-सात वेळा पडलेले असतात, हेल्मेटात माती गेलेली असते, आणि चेहऱ्यावर एक असं हसू असतं की ते बघून वहिनींना लग्नाच्या अल्बममधला कुणी तरी माणूस आठवावा.

"हा सगळा उतारवयातला पोरकटपणा आहे," हा शेवटचा आक्षेप शेजारचे घेतात, आणि त्याला माझं उत्तर असं की असेल. पण आधीचा जो प्रौढपणा होता त्यात बिजागऱ्यांना तेल घालण्यापलीकडे काही निष्पन्न होत नव्हतं. अर्थात पुन्हा पेटलेले दादा सहन करणं सोपं नाही. लिफ्टमध्ये बाही वर करून ते कोपराचं निळं-जांभळं दाखवतात. जेवताना दोन बोटांनी पोळीवर रेषा ओढून वळणाची योग्य लाइन समजावतात. लोकल इव्हेंटमध्ये उतरतात, शेवटून दुसरे येतात, आणि शेवटचा कसा गाडी बंद पडून मागे राहिला हे मात्र सांगायचं गाळतात. रविवारच्या ग्रुपला नवा ॲडमिन शोधावा लागतो. आणि अडीचशे किलोची ती गाडी एकदाची कव्हरातून बाहेर निघते, धुऊन-पुसून उन्हात उभी करून तिचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले जातात, आणि जाहिरात पडते: सिंगल ओनर, सिरॅमिक कोटेड, एकदाही न पडलेली. बघायला येतो तो बत्तीस वर्षांचा, नुकतीच बढती मिळालेला, ढोपराला ताजी पट्टी बांधलेला पोरगा. तो लंगडत गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि घासाघीस न करता टोकन देतो.