बुडाशी काय लिहिलंय?

सिनसिनाटीच्या काकांना जेवायला बोलावलं तर आमटी कागदी द्रोणात वाढावी, हे आमच्या घरी अनुभवाने ठरलं आहे. मातीचा वाडगा हातात आला की काका तो उलटा करतात. आत काही होतं का, हा प्रश्न त्यांना आमटी मांडीवर आल्यावर पडतो.

गणपतीत मंडळाच्या हॉलवर त्यांनी पंचामृताची वाटी डोक्याच्या वर धरून खालून वाचली. पंचामृत झब्ब्याच्या बाहीतून कोपरापर्यंत ओघळलं आणि काका म्हणाले, "मेड इन चायना." एकांकडे समाचाराला गेलो होतो, तेव्हा तर काकूंनी त्यांचे दोन्ही हात शेवटपर्यंत सोडले नाहीत. समोर अस्थींचा कलश होता.

काकांच्या मते यात त्यांचा दोष नाही, रूकवूडचा आहे. मारिया लाँगवर्थ निकल्स या बाईंनी १८८० साली सिनसिनाटीत हा मातीच्या भांड्यांचा कारखाना काढला. १८८६पासून भांड्याच्या बुडाशी उलटा 'आर' आणि त्याला पाठ लावून 'पी' असा शिक्का आला. पुढे दरवर्षी त्याच्याभोवती एक ज्योत वाढत गेली. १९०० साली चौदा झाल्या. मग ज्योती तेवढ्याच ठेवून १९०१पासून खाली रोमन आकडा. शिवाय आकाराचा नंबर आणि चित्र काढणाऱ्याची सही. काटारो शिरायामादानी हा जपानी चित्रकार १८८७ साली इथे कामाला लागला, त्याची सही तर जपानी लिपीतली. एवढी कुंडली बुडाशी मांडलेली असताना वरची फुलं काय बघायची? ती कुणीही बघतं!

नातवाच्या वाढदिवसाला केकवर सहा ज्योती पेटल्या तेव्हा काका ओरडले, "१८९२!" काकूंनी तत्परतेने केकचं ताट दाबून धरलं.

दर शनिवारी कुणाच्या तरी घरातलं सामान विकायला निघतं आणि काका तिथे हजर. एकदा मीही गेलो. एक बाई मोठ्या हौसेने निळी फुलदाणी कुरवाळत होत्या. काकांनी ती त्यांच्या हातातून घेतली, उलटी केली आणि म्हणाले, "नुसतं 'रोझविल'? खाली 'यू.एस.ए.' कुठाय?" झेन्सव्हिलचा रोझविल कारखाना १९५४ साली बंद पडला. नव्वदीच्या दशकात त्याच्या चिनी नकला बाजारात आल्या, त्यातल्या पुष्कळशा शिक्क्यांत 'यू.एस.ए.' नसायचं. हे सगळं काकांनी बाईंना मोफत सांगितलं. बाई न बोलता निघून गेल्या. घरमालकाने आम्हालाही जायला सांगितलं.

असा हा माणूस. याला टाळावं असं मीही ठरवलं होतं. मग एकदा त्यांचं तळघर पाहिलं. मांडणीवर सगळी रूकवूडची भांडी, सगळी पालथी आणि जवळजवळ प्रत्येकाच्या बुडावर फुली. भट्टीतून निघालेल्या भांड्यात खोट दिसली की कारखान्यातच चाकाने झिलई कापून अशी फुली मारत आणि ते भांडं दुय्यम म्हणून स्वस्तात जाई. आजही फुली असली की भाव पडतो. मला वाटलं, काकांचा चिक्कूपणा. पण ते एकेक भांडं सुलटं करून माझ्या हातात देत होते. "शोध. खोट शोध बरं! मला या हिरव्यात अजून सापडलेली नाही."

मलाही सापडली नाही. काकांनी तीस वर्षं एका कारखान्यात तपासनीस म्हणून माल नापास केला, हे जिना चढताना काकूंनी सांगितलं.

काकांच्या मुलांना या भांड्यांतलं काही नको आहे. त्यांची घरं लहान, शिवाय त्यांच्या मते असली भांडी मांडलेलं काचेचं कपाट फार जुनाट दिसतं. काकांना मात्र भांडी विकायची नाहीत, द्यायची आहेत. तेव्हा ओहायोच्या आसपास कुणी राहत असाल आणि घरात फळी रिकामी असेल, तर जरूर कळवा. बघायला गेलात की "किती सुंदर!" एवढं मात्र म्हणू नका. आधी उलटं करा.